ट्रंक बोर्डावरचे बिनअंड्याचे कप केक

किस्से कुणी जमवायला जात नाही. ते आपोआप साठतात, आणि एक निघाला की मागून दहा निघतात. आमच्या सोलापूरच्या ट्रंक एक्स्चेंजमध्ये, म्हणजे परगावचे फोन हातानं जोडून द्यायच्या ऑफिसात, तर ते साठायचेच. दिवसभर कानाला हेडफोन लावून "हॅलो बार्शी, हॅलो लातूर" करायचं, खुर्ची सोडायची नाही, आणि एकमेकींशी जे काय बोलायचं ते दोन कॉलच्या मध्ये!

सत्तर-पंच्याहत्तरच्या सुमारास आम्ही चौघी बोर्डासमोर एका ओळीत बसायचो. मी सुमन, शेजारी विमल बिराजदार, पलीकडे जुबेदा आणि टोकाला पद्मा. मला मुळातच एका जागी बसवत नाही. माझा पाय सारखा हलायचा. आमच्या सुपरवायझर, म्हणजे मोठ्या बाई, मागून ओरडायच्या, "सुमन, कॉल हातानं जोडायचा असतो, पायानं नाही!"

पण त्या वर्षी चौघींचेही पाय हलत होते. कारण विमलचं लग्न.

तिची अट एकच. "लग्न करीन, पण बोर्ड सोडणार नाही." वडील मिलमधून कायमचे घरी आलेले, दोन भाऊ शाळेत. आणि खरं सांगायचं तर ते काम तिला मनापासून आवडायचं. पाहायला येणाऱ्यांना मात्र 'ड्यूटी' म्हटलं की ठसका लागायचा. चार मंडळी पोहे खाऊन गेली ती गेलीच.

"पोह्यांचाच दोष हाय," पद्मा म्हणाली. "बँकेतली, ऑफिसातली पोरं येतात. तेन्ला कप केक दे की!"

कल्पना झकास होती. अडचण एवढीच की विमलचं घर लिंगायत, अंडं उंबऱ्याच्या आत यायचं नाही. झालं! बिनअंड्याचा चांगला कप केक सोलापुरात कुठं मिळतो, त्याचा शोध सुरू झाला. दर शनिवारी एकीनं एका बेकरीचा केक आणायचा आणि निकाल आमच्या भाषेत द्यायचा. उत्तम असला तर "लाइन क्लिअर", बरा असला तर "खरखर", आणि वाईट असला तर "डेड"!

*

पहिली बेकरी नवी पेठेतली. जुबेदा पुढं गेली आणि तिनं म्हाताऱ्या मालकाला विचारलं, "चाचा, इसमें अंडा है क्या?"

"अरे बेटी, अंडाच अंडा है! खाके तो देख!"

ती केक बांधून घेत होती तोवर मागून विमल पोचली. कपाळावर विभूतीचे पट्टे. तिनंही तेच विचारलं.

चाचांनी दोन्ही कानांना हात लावले. "अंडं? अवो ताई, वासबी न्हाई!" आणि त्याच ट्रेमधून तिच्यासाठी सहा केक काढले.

जुबेदा कमरेवर हात ठेवून म्हणाली, "चाचा, ये क्या?"

चाचा जराही डगमगले नाहीत. "बेटी, केक तो एकीच है. अंडा गिराइक देखके डालते!"

*

दुसरी बेकरी स्टेशनाकडची. मालक स्वतः माळकरी. गळ्यातल्या माळेला हात लावून त्यानं अंडं नसल्याचं सांगितलं, आणि ते खरंच होतं. कारण त्या केकला एकत्र धरून ठेवायला सिमेंट पुरेसं होतं! मी एक घास घेतला आणि दाढ धरून बसले. नेमक्या तेवढ्यात मोठ्या बाई आल्या.

"ड्यूटीवर खाणं? आण इकडं!"

केक जप्त झाला. आता मेमो मिळणार म्हणून मी अस्वस्थ. दुसऱ्या दिवशी पाहते तर केक मोठ्या बाईंच्या टेबलावर! वर पंखा गरगरत होता आणि कॉलच्या चिठ्ठ्या उडू नयेत म्हणून बाईंनी त्यांच्यावर तो ठेवला होता. पंधरवडाभर तो तिथंच होता.

"बाई, मुंग्या येतील की हो," मी एकदा भीत भीत म्हटलं.

"आल्या होत्या," बाई म्हणाल्या. "परत गेल्या."

*

एकदा करमाळ्याची लाइन अचानक बंद पडली. तिकडचा एक तेलाचा व्यापारी अर्ध्या सौद्यात अडकलेला. शेवटी मेकॅनिकला बोलावलं. त्यानं बोर्डातल्या सगळ्या वायरी तपासल्या, मग पद्मासमोरच्या पिनेच्या भोकात सुई घातली आणि आतून एक लाल चौकोनी कण बाहेर काढला. टुटीफ्रुटी!

पद्मानं मान खाली घातली. आम्ही तिघी जोरजोरात "हॅलो, हॅलो" करायला लागलो, लाइनवर कुणी नसतानाही.

मेकॅनिकनं तो कण उजेडात धरला, मोठ्या बाई बघत नाहीत याची खात्री केली आणि खाऊन टाकला.

"कुठल्या बेकरीची?" त्यानं हळूच विचारलं. त्यानंतर दर शनिवारी केकच्या वेळेला आमच्या बोर्डात काहीतरी बिघाड असल्याचं त्याला आपोआप कळायला लागलं.

*

तिसऱ्या बेकरीचा केक बिनअंड्याचा आणि "खरखर" निघाला. तेवढ्यात अक्कलकोटकडची मंडळी येतो म्हणाली, म्हणून तोच नेला. मुलगा बँकेत, सोबत त्याची आत्या. वयानं मोठी, मानाची, आणि घरात शेवटचा शब्द तिचाच.

विमलनं बशी पुढं केली. आत्यानं केक उचलला आणि कागदासकट तोंडात घातला! सावकाश चावून गिळला आणि म्हणाली, "लई ग्वाड हाय. पर साल जरा चिवट हाय."

आता पाहुणीची शोभा कशी करायची? विमलच्या वडिलांनी एकदा बायकोकडं पाहिलं आणि स्वतःचा केक कागदासकट खाल्ला. मग आईनं खाल्ला. मग विमलनं. बिचारा मुलगा कागद सोलून बसला होता. त्यानं सगळ्यांकडं पाहिलं, मुकाट्यानं कागद पुन्हा केकभोवती गुंडाळला आणि घास घेतला!

निरोप आला, पोरगी पसंत, पण नोकरी सोडायची. विमलनं नाही म्हणून सांगितलं. त्या दिवशी मला तिचा रागही आला आणि तिच्याबद्दल कौतुकही वाटलं. काहीच सुचेना, म्हणून मी दिवसभर नुसते कॉल जोडत राहिले.

*

शेवटी जुबेदाचे मामू मैदानात उतरले. त्यांची बेकरी छोटीशी, एका गल्लीत. त्यांनी नवे साचे आणले, भट्टी धुऊन काढली, दही घालून, दूध घालून करून पाहिले. चौथ्या घाण्याला आम्ही चौघी एकदम म्हणालो, "लाइन क्लिअर!" केक असा की बोट लावलं तर दबावा आणि पुन्हा वर यावा.

बार्शीची मंडळी येणार होती त्या दिवशी मामूंनी अंडीवाल्याला गल्लीच्या तोंडाशीच अडवलं.

"बच्ची की शादी का सवाल है. आज अंडा गल्ली में बी नै आना!"

केक झाले, विमलकडं पोचले. पण त्या सकाळी सबंध गल्लीत कुणालाच ऑम्लेट मिळालं नाही. शेजारपाजारचे आठवडाभर मामूंना विचारत होते, "अब तो हो गई ना शादी? अब खाएँ?"

*

बार्शीकरांनी मात्र काहीच सांगितलं नव्हतं. मुलगा शाळामास्तर, वडिलांची आडत. केक आवडीनं खाल्ले, नोकरीचा विषयही काढला नाही, आणि "फोनवर कळवतो" म्हणून गेले. विमलच्या घरी कुठला फोन? खालच्या कापडाच्या दुकानात होता. आमचा जीव टांगणीला! मी तर पाणी प्यायचं निमित्त करून दर तासाला उठायची.

चौथ्या दिवशी दुपारी बार्शीचा ऑपरेटर विमलच्याच लाइनवर आला आणि त्यानं कापड दुकानाचा नंबर मागितला.

विमलनं माझ्याकडं पाहिलं. मी काही न विचारता, ऐकता यावं म्हणून माझ्या हेडफोनची पिन तिच्या बोर्डात घातली. हे नियमाविरुद्ध होतं, पण मला राहवेना.

तिनं दुकानात घंटी दिली. आवाज एकदम सरकारी. "ट्रंक कॉल आहे बार्शीचा. वरच्या बिराजदारांना बोलवा."

वडील धापा टाकत आले. "हालो! हालो! मी बिराजदार!"

"बार्शी बोलणार आहेत. बोला."

"व्हय बाई, जोडा, जोडा!" स्वतःच्या लेकीला ते म्हणाले.

तिनं लाइन जोडली. कॉल जोडला की ऑपरेटरनं बाजूला व्हायचं, आणि तीन मिनिटं झाली की मध्ये येऊन कॉल वाढवायचा का ते विचारायचं, अशी पद्धत. विमल बाजूला झाली नाही.

"बिराजदार, पोरगी पसंत हाय आमाला," बार्शीचे आडतवाले म्हणाले. "फकस्त येक इचारायचं हुतं, तिच्या त्या फोनच्या नोकरीचं..."

त्यांना वाक्य पुरं करू देतील तर ना! वडिलांना आनंदानं भान राहिलं नव्हतं. "नोकरी? अवो, ती सोडंल की! तुमी म्हनाल तसं! उद्या राजीनामा दील!"

"सोडणार नाही," विमल म्हणाली. त्याच सरकारी आवाजात.

पद्मा आणि जुबेदा खुर्चीवरून अर्ध्या उठल्या होत्या.

"आँ? मदीच कोन बोललं ओ?" वडील म्हणाले.

"ट्रंक एक्स्चेंज, सोलापूर," विमल म्हणाली. "तीन मिनिटं झाली. कॉल वाढवायचा का?"

तीन कुठली, अजून एक झालं नव्हतं.

मग आडतवाल्यांनी घसा साफ केला.

"वाढवा की, बाई. आनि तुमीबी लाइनीवरच ऱ्हावा."