डब्याला किती जाते?

अबू कुतैबांची राखाडी हायब्रिड गाडी वळणावर दिसली की मी कंबर सरळ करून घ्यायचो, कारण पुढची वीस मिनिटं माझी नसायची. बाकीचे लोक येतात, काच खाली करतात, "दहा दीनारचं" म्हणतात आणि फोनवर बोलत बसतात. हा माणूस तीन नंबरचा पंप रिकामा होईपर्यंत रांगेत थांबायचा, बाकीचे मोकळे असले तरी. तीन नंबरपुढची जमीनच तेवढी सपाट आहे, असं त्यांचं म्हणणं. सगळं आयुष्य जमीन मोजणी खात्यात गेलेलं, त्यामुळे जमिनीवरून त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नव्हता.

मी शहाता, मूळचा समुद्रापलीकडच्या फय्यूमचा. अजलूनच्या घाटाखालच्या या पंपावर एकोणीस वर्षं उभा आहे. पाय संध्याकाळपर्यंत सुजतात, हाताचा पेट्रोलचा वास आंघोळीनेही जात नाही. बायको गावी आहे. दोन वर्षांतून एकदा जातो, तेव्हा पहिले चार दिवस आम्ही परक्यासारखे बोलतो. हे सांगायचं कारण पुढे येईल.

"नोझल टक् करून थांबली की थांबायचं, शहाता. वर एक थेंब नाही," ते म्हणायचे.

"नाही घालत, हाजी."

"मागच्या खेपेला घातलास."

"नाही घातला, हाजी."

"घातलास."

मग ते खिशातून मोजणी खात्यातली जुनी लांबट वही काढायचे. तारीख, किलोमीटर, पंपाच्या मीटरवरचे लिटर. गाडीच्या बॉनेटवर वही ठेवून भागाकार करायचे आणि शेवटी आकडा डब्यात आणायचे. इकडे लिटरमध्ये कोणी बोलत नाही. वीस लिटर म्हणजे एक तनका, म्हणजे पत्र्याचा डबा. पेट्रोलचा डबा कित्येक वर्षांत कोणी पाहिलेला नाही, पण गाडी विकत घेताना, लग्नाच्या मांडवात, अगदी मयतीच्या घरीसुद्धा माणसं एकमेकांना विचारतात, "तुझी डब्याला किती जाते?"

अबू कुतैबांची चारशे वीस किलोमीटर जायची. म्हणजे इर्बिदच्या बरोबर सहा फेऱ्या.

कारण ती गाडी दुसरीकडे कुठे जातच नसे. त्यांच्या बायकोच्या, उम्म कुतैबांच्या, मूत्रपिंडांनी काम सोडलं होतं. आठवड्यातून तीनदा इर्बिदच्या इस्पितळात चार-चार तास डायलिसिसच्या यंत्रावर. मुलगा कुतैबा नोकरीला आखातात. बसने जायचं तर दोनदा बदलावी लागते, आणि यंत्रावरून उठल्यावर बाईंना दाराच्या चौकटीला धरूनही उभं राहवत नसे. परतताना पंपावर त्या बाजूच्या सीटवर घोंगडी पांघरून बसलेल्या असायच्या, दंडावर कापूस दाबून. मी काच पुसायला गेलो की म्हणायच्या, "राहू दे रे बाबा. बघण्यासारखं काही नाही बाहेर."

नोव्हेंबरपासून आकडा घसरू लागला. आधी तीनशे ऐंशी, मग तीनशे चाळीस, मग तीनशे. अबू कुतैबांचा चेहराही त्या आकड्याबरोबर उतरत गेला.

"बॅटरी चालली," ते एकदा मला बाजूला घेऊन हळूच म्हणाले. "बॅटरी गेली की गाडी गेली. गाडी गेली तर हिला नेऊ कशी मी? पाठीवर?"

त्या दिवशी मला त्यांची खरंच दया आली. ती फार टिकली नाही, कारण पुढच्याच खेपेला त्यांचा संशय माझ्यावर आला. डिकीतून त्यांनी एक पत्र्याचा डबा काढला आणि तीन नंबरसमोर आणून ठेवला.

"यात भर. काठोकाठ. तुझा पंप मापात मारतो की नाही ते आज बघू."

"हाजी, मालकाने पाहिलं तर माझी नोकरी जाईल."

"मापात खोट नसेल तर भितोस कशाला?"

मागे चार गाड्या हॉर्न वाजवत होत्या. मी भरला. डबा गळ्यापर्यंत भरला तेव्हा मीटरवर साडेसतरा लिटर होते. अबू कुतैबांनी चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं. ओठ हलत होते, मनात हिशेब चालला होता.

"म्हणजे तुझा पंप," ते शेवटी म्हणाले, "दर डब्यामागे अडीच लिटर फुकट देतो?"

गाडीतून खोकल्यासारखा आवाज आला. बाई हसत होत्या. "अहो अबू कुतैबा, तो आपला जैतुनाच्या तेलाचा डबा आहे! तेलाचा डबा सोळा किलोचा असतो. चाळीस वर्षं घरात तेल आणताय, अजून माहीत नाही?"

सोळा किलो तेल म्हणजे साडेसतरा लिटर. पण तेलाचा असो की पेट्रोलचा, दोन्हीला लोक तनकाच म्हणतात. आयुष्यभर जमिनी मोजलेला माणूस, पण डबा म्हटलं की वीसच, असं डोक्यात बसलेलं. मी हसू दाबून नरसाळं आणलं आणि ते पेट्रोल त्यांच्या टाकीत ओतलं. त्यांनी माझी माफी मागितली नाही. मिरमियाचा सुगंधी पाला घातलेला चहा मात्र पाजला.

मग ते मेकॅनिककडे गेले. त्याने गाडीला संगणक लावला, बॅटरीचा एकेक भाग तपासला आणि सांगितलं की ही अजून तीन वर्षं तुम्हाला पुरून उरेल. अबू कुतैबा हे सांगायला आले तेव्हा खूश असायला हवे होते. ते जास्तच खचलेले दिसले.

"पंप चांगला, बॅटरी चांगली, टायरची हवा बरोबर. मग जातं कुठे पेट्रोल?"

पाऊस भुरभुरत होता, रांग नव्हती. बाई घोंगडीत मिटल्या डोळ्यांनी बसल्या होत्या. मी वही मागितली. ते ती कोणाच्या हातात देत नसत, पण त्या दिवशी दिली. मी शिकलेला नाही फारसा, पण आकडे कळतात. एप्रिलपासून चारशे वीस, चारशे पंधरा, चारशे पंचवीस. ते थेट नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत.

"हाजी, या आठवड्यात काय झालं होतं?"

"काही नाही."

"नवा रस्ता? कोणी सोबत यायला लागलं?"

"काही नाही म्हटलं ना." मग ते रस्त्याकडे बघत म्हणाले, "हिच्या शेजारच्या खुर्चीवर एक माणूस असायचा. जरश गावचा. माझ्याशी पत्ते खेळायचा, एका हाताने, दुसरा यंत्राला जोडलेला. तो गेला त्या आठवड्यात. पुढच्या खेपेला त्या खुर्चीवर नवी चादर."

"मग?"

"मग काय? मी वर वॉर्डात जात नाही हल्ली. खाली गाडीत बसतो."

"चार तास? या थंडीत?"

"हीटर असतो की. ही हायब्रिड आहे, शहाता, उभी असली की बॅटरीवर चालते. आवाजसुद्धा करत नाही."

मी पंपावरचा माणूस, दिवसाला शंभर हायब्रिड बघतो. उभ्या गाडीत हीटर लावला की इंजिन थोड्या थोड्या वेळाने आपोआप चालू होतं, बॅटरी भरतं आणि बंद होतं. किलोमीटर एक वाढत नाही आणि पेट्रोल जात राहतं. त्यांनी जगातली प्रत्येक गोष्ट तपासली होती, फक्त ते चार तास सोडून.

मी ते सांगितलं. खरं सांगायचं तर जरा तोडूनच बोललो. मला राग आला होता. माझी बायको समुद्रापलीकडे आणि मी इथे पंपावर, आणि हा माणूस बायकोपासून दोन मजले खाली हीटर लावून बसतो.

ते नकारार्थी मान हलवायला लागले. "इंजिन चालू झालं तर मला कळणार नाही?"

"बावीस वेळा," गाडीतून आवाज आला.

बाईंनी डोळे उघडले नव्हते. "परवा बावीस वेळा चालू झालं. त्याच्या आधी एकोणीस. माझी खुर्ची खिडकीशी आहे. मागून पांढरी वाफ निघते, मग थांबते, मग परत निघते. मी मोजत असते. दुसरं काय आहे तिथं करायला?"

अबू कुतैबा खिडकीपाशी वाकले. "तुला माहीत होतं? मग बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर वर आला असतात. तोंड पाडून बसला असतात त्या चादरीकडे बघत." त्यांनी घोंगडी वर ओढली. "वाफ निघाली की कळायचं, आहेत अजून. गेलेले नाहीत."

त्यांनी वही माझ्या हातातून घेतली, खिशात ठेवली आणि काही न लिहिता गाडीत बसले. त्या दिवशी त्यांनी नोझलबद्दल काही विचारलंच नाही. मी नेहमीसारखाच टक् झाल्यावर थांबलो होतो.

दोन आठवड्यांनी आले. तीन नंबर रिकामा व्हायची वाट पाहिली. बॉनेटवर भागाकार केला आणि वही माझ्यापुढे धरली. चारशे दहा.

"वर बसता तर."

"बसतो." ते थकलेले दिसत होते, आधीपेक्षाही जास्त. डोळे लाल होते. "खुर्ची लाकडी आहे. खिडकीतून गाडी दिसते, बंद असते. मोजायला काही नाही."

"मग करता काय चार तास?"

"भांडतो हिच्याशी."

"खोटं," आतून बाई म्हणाल्या. "माझा हात धरून घोरतात. मी श्वास मोजते."