बाई नाही, गोठा मोजायचा

बकऱ्यांचा विमा आम्ही काढतो, असं मी म्हटलं की शहरातले लोक हसतात. हसू देत. आमच्या मोताळा तालुक्यातल्या गावात बायांनी स्वतःचा निधी उभा केला आणि चालवला. दर बकरीमागे वर्षाची वर्गणी. बकरी मेली तर निधीतून दुसरी घ्यायची. निधीतल्या बकरीच्या कानात बिल्ला. मी गावची पशुसखी, म्हणजे लस टोचणारी आणि जंत-जुलाबाचं बघणारी, म्हणून बिल्ल्यांची पिशवी माझ्याकडे.

पहिल्या वर्षी मी येईल तिला हो म्हणत होते. मग तालुक्याला एक शिबिर झालं. तिथल्या जनावरांच्या म्हाताऱ्या डॉक्टरांनी विचारलं, "तुमच्याकडं एका दिवसात जास्तीत जास्त किती बकऱ्या मरतील?"

मी ऐटीत सांगितलं, "आजवर दोनच्या वर नाही मेल्या."

"मेल्या किती ते नाही विचारलं बाई. मरू शकतात किती?"

ते म्हणाले, मोठ्या विमा कंपन्याही धंदा मागायच्या आधी हाच प्रश्न स्वतःला विचारतात. एकाच झटक्यात किती जाईल आणि तेवढं आपल्याला झेपेल का? झेपणार नसेल तर जास्तीचं ओझं आणखी मोठ्या कंपनीच्या गळ्यात घालतात. आमच्या मागे तशी कोणी मोठी नव्हती. घरी येऊन हिशेब मांडला तेव्हा कळलं, निधीला एका वेळी सहा बकऱ्या झेपतात. सातवीला आम्ही संपलो. म्हणून नियम केला, एका बाईच्या पाचच बकऱ्या. मला वाटलं, जिंकलं.

मग एकदा दिवेलागणीला गल्लीत लस टोचायला गेले. जिच्या दारात जावं ती म्हणे, "बकऱ्या तुह्या जावेच्या गोठ्यात हायेत." मोकाट कुत्र्यांनी पिल्लं फाडल्यापासून सगळी गल्ली माझ्या थोरल्या जावेच्या पत्र्याच्या गोठ्यात जनावरं बांधत होती. माझ्या दोनही तिथंच, आणि तरी माझ्या डोक्यात प्रकाश पडला नव्हता! वहीत सात बाया, गोठ्यात तेवीस बकऱ्या, सगळ्यांचं पाणी एकाच टाक्यात. एकीला रोग लागला की सगळ्या जाणार. मी बाया मोजल्या होत्या, गोठा मोजलाच नव्हता.

बैठकीत मी उभी राहिले आणि सांगितलं, एका गोठ्यातल्या पाचच घेणार. चिठ्ठ्या टाका, पण माझ्या दोन त्यात नकोत, त्या आधीच बाहेर.

जाऊबाई कडाडल्या. "गोठा माहा, पत्रे माहे, जागा फुकट देल्ली, अन् तू माह्याच गोठ्याले नावं ठेवून राह्यली? काऊन वं?"

"गोठ्याले नाही जाऊबाई. सगळ्या एका जागी हायेत त्याले."

चिठ्ठ्या पडल्या. बाकीच्या बकऱ्यांचे बिल्ले मी काढून घेतले आणि वर्गणी परत केली. जाऊबाईंच्या पाचांतली एकच निघाली. त्या दिवसापासून एका अंगणात राहून त्या माझ्याशी बोलेनात. मला वाईट वाटत होतं, रागही येत होता, पण नियम मी मागे घेतला नाही. निधी बुडाला असता तर पुन्हा एकाही बाईनं विश्वास टाकला नसता.

सोयाबीन निघालं तेव्हा माझी कबरी बकरी राशीत घुसली आणि पोटभर दाणे खाऊन फुगली. तेल पाजलं, पोट चोळलं, डॉक्टरांना फोन लावला. ते पोचायच्या आत ती गेली. गावाची जनावरं वाचवणारी मी, माझी वाचली नाही. खूप रडले.

बाया जमल्या. जाऊबाई दोन महिन्यांनी पहिल्यांदा बोलल्या, "निधीतून दुसरी घे वं. कोण काय म्हणते?"

"कानात बिल्ला नाही तिच्या."

"नसू दे. आमी साऱ्या हो म्हणतो."

मनात आलं, घ्यावी. कुणी अडवणार नव्हतं. पण मग लोका सांगे ब्रह्मज्ञान, स्वतः कोरडे पाषाण. मी नाही म्हटलं, आणि दुसऱ्यांदा विचारलं तेव्हाही नाहीच म्हटलं.

चार दिवसांनी सकाळी ठोकाठोकीनं जाग आली. गल्लीच्या पार दुसऱ्या टोकाला आमची पडीक जागा आहे. तिथं जाऊबाई आणि दोन बाया खांब रोवत होत्या. आपल्या गोठ्याचे अर्धे पत्रे जाऊबाईंनी उतरवून आणले होते.

"आता मोज," त्या म्हणाल्या. "गोठे किती?"

"दोन. पण पाणी? चरणं?"

"हे टाकं नवं. ह्या गोठ्यातल्या वरच्या बरड माळावर जातीन, तिकडच्या खाली नाल्याकडं. समजते मले. आता किती घेशील?"

"आणखी पाच."

"मंग जाय, पिशवी आण."

मी पिशवी घेऊन आले. त्यांच्या चार बकऱ्या नव्या दावणीला बांधलेल्या होत्या आणि पाचवीची दोरी जाऊबाईंनी स्वतःच्या हातात धरली होती. ती माझी उरलेली बकरी होती.

"पयला बिल्ला इले लाव," त्या म्हणाल्या.