विकत न घेतलेला खर्रा

माझं तोंड मिटत चाललं आहे हे आधी बायकोच्या लक्षात आलं. मी भाकर दुधात कुस्करून खायला लागलो होतो आणि ठेचा ताटाच्या कडेला सारत होतो. आमच्याकडे माणसाने ठेचा सारला म्हणजे एक तर तो आजारी आहे, नाही तर रुसला आहे. तिने आधी रुसल्याचं धरलं, थोडी वाट पाहिली आणि मग सरळ विचारलं, "दात दुखून राह्यला का तोंडच उघडत नाही?" मी म्हटलं, काही नाही, उष्णता आहे. उष्णतेच्या नावावर आमच्या भागात काहीही खपवता येतं.

दिग्रसला माझं मोटार वायंडिंगचं दुकान आहे. विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी येतात. मी त्यातली जळकी तार काढतो, आतल्या खाचांमध्ये नवी तांब्याची तार भरतो, वॉर्निश देतो आणि चालवून पाहतो. ऐन हंगामात मोटार जळलेला शेतकरी दुकानातून हलत नाही. स्टुलावर बसून माझ्या हातांकडे बघत राहतो आणि बसल्या बसल्या खिशातून खर्रा काढतो. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या पन्नीत घालून पानठेलेवाला घासून घासून एकजीव करतो, तो खर्रा. ही एकट्याने खायची वस्तूच नाही. पन्नी उघडली की आसपास जेवढे हात असतील तेवढ्यांपुढून ती फिरते, आणि कोणी नाही म्हटलं तर देणाऱ्याला वाटतं, याला आपला कसला तरी राग आला आहे.

माझ्या दुकानाला लागून माझ्या दोस्ताचं पंक्चरचं दुकान. आम्ही शाळेत एका बाकावर होतो, खर्राही एकाच पन्नीतला खायला लागलो. त्याची पन्नी संपली की माझी, माझी संपली की त्याची. दिवसभर दोन दुकानांमधल्या भिंतीवरून एक हात इकडे यायचा, नाही तर माझा तिकडे जायचा. बोलायचीही गरज नसे.

बायकोने मला यवतमाळला दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. बाई आमच्या लेकीच्या वयाच्या. म्हणाल्या, "काका, तुमची तीन बोटं उभी करून तोंडात घाला." दोन गेली, तीही दातांना घासत. तिसरं मी जोर लावून घालायला गेलो तर डोळ्यांत पाणी आलं. बाईंनी काही लपवलं नाही. गालाच्या आतली कातडी खर्ऱ्याने कडक झाली आहे, खाणं चालू राहिलं तर तोंड आणखी मिटेल, आणि पुढे कॅन्सरही होऊ शकतो. मला त्यांचा असा राग आला की विचारू नका. इतकी वर्षं माझ्या तोंडात काय चाललंय ते मला कळलं नाही आणि ही पोरगी एका मिनिटात सांगते!

मग त्यांनी विचारलं, "बरं झालं तर काय खावंसं वाटतं?" मी म्हटलं, भाजलेला भुट्टा. दाणे सोलून नाही, कणसालाच दात लावून. बाई हसल्या. "तेवढं आज कबूल करत नाही. आधी एक काडी वाढवू." त्यांनी आइस्क्रीमच्या लाकडी काड्यांची गड्डी दिली. काड्या एकावर एक ठेवून दातांमध्ये धरायच्या, तोंड ताणलं जाईल तेवढ्याच, आणि जमेल तेव्हा आणखी एक सरकवायची. मला तो पोरखेळ वाटला. मोठ्या आजाराला मोठं औषध पाहिजे, अशी माझी समजूत होती.

म्हणून मी मोठंच काही तरी केलं. मारुतीच्या पारावर नारळ फोडला आणि बायकोसमोर शपथ घेतली की जन्मात खर्ऱ्याला हात लावणार नाही. अंगावर काटा आला माझ्या. घरी येताना छाती पुढे काढून चाललो होतो. लेक नर्सिंगचं शिकायला बाहेरगावी असते, तिने फोनवर उगवत्या सूर्याचं चित्र पाठवलं, खाली सकारात्मक विचार करा असं लिहिलेलं. संध्याकाळी एका शेतकऱ्याची मोटार चालू झाली, त्याने खुशीत पन्नी पुढे केली, आणि माझा जन्म तिथेच संपला.

जन्मभराची शपथ मोडल्यावर माणूस दोन गोष्टी करतो. एक तर पहिल्यापेक्षा जास्त खातो, नाही तर वकील होतो. मी वकील झालो. मी नियम काढला की यापुढे खर्रा विकत घ्यायचा नाही. पानठेल्यासमोरून मी मान ताठ ठेवून जायला लागलो. ठेलेवाला हाक मारायचा, "घोटू का, भाऊ?" मी हात हलवायचो, "सोडला!" नातेवाइकांना सांगितलं, सोडला. लेकीला सांगितलं, सोडला, आणि तिने आणखी एक सूर्य पाठवला. मधल्या काळात भिंतीवरून येणारा हात काही थांबला नव्हता. गिऱ्हाइकांच्या पन्न्याही फिरत होत्या. दुसऱ्याच्या हातातली चिमूट म्हणजे काही खाणं नाही, ती तर माणुसकी, असं मी खरोखर मानत होतो. हे खोटं बोलणं नव्हतं. आमच्याकडे कोणालाही विचारा, फुकटच्या चिमटीला तो खाण्यात धरणार नाही.

परत यवतमाळला गेलो तेव्हा मी ऐटीत खुर्चीवर बसलो. बाईंनी बॅटरी मारून पाहिलं आणि म्हणाल्या, "काका, खर्रा चालू आहे."

"नाही हो! विकतच घेत नाही मी."

"मग कोणाचा खाता?"

बायको बाजूलाच उभी होती. येताना एसटीत ती वाटेतलं दारव्हा मागे पडेपर्यंत खिडकीबाहेरची तूर पाहत राहिली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "इकत खात होते तवा बरं होतं. आता मांगून खाता. मायासाठी नका सोडू, पन मले हे तोंड घेऊन लोकाईत नका नेऊ."

ते मला झोंबलं. आजाराची भीती आठवडाभर टिकते, अपमान टिकतो. घरी आल्यावर मी पहिल्यांदा नीट विचार केला, आणि तो माझ्या धंद्यातूनच आला. जळलेली मोटार समोर आली की ती सगळी भरायची आहे असं मी कधीच म्हणत नाही. तसं म्हटलं तर हात चालणार नाही. एक खाच भरायची, मग पुढची. मी ठरवलं, जन्म सोडून द्या, सकाळच्या चहानंतरचा पहिला खर्रा फक्त नको. त्या एकाशी भांडायचं. बाकीच्यांचं नंतर पाहू.

पण भांडणार कसं? पन्नी पुढे आली की मी नाही म्हणत होतो, आणि समोरचा तोंड पाडून म्हणत होता, "काहून, भाऊ? काही चुकलं का मायं?" माझं मन लगेच विरघळायचं. मग एकदा माझ्या लक्षात आलं की पन्नीचा एक कायदा आहे. ज्याने आधी दिलं त्याला कोणी आग्रह करत नाही. त्याचं देणं झालेलं असतं. मी बायकोला जवस आणि बडीशेप भाजायला सांगितली, पन्नीत भरली, वर रबर लावलं, आणि गिऱ्हाईक स्टुलावर टेकायच्या आत त्याच्यापुढे धरायला लागलो.

लोकांनी मला सोडलं नाही. एकाने विचारलं, "हे पाखराईसाठी ठेवलं का?" दुसरा म्हणाला की मोटारीत तांब्याऐवजी जवस भरू नको. दोस्त तर भिंतीवरून ओरडायचा, "अबे, आमाले बी दे तुयं तेरवीचं जेवण!" पण घ्यायचे सगळे. चिमूट घ्यायची, चावायची, आणि मग स्वतःची पन्नी काढायचं कधी कधी राहूनही जायचं. माझ्या बोटांना पन्नी चोळायची सवय होती, ती चोळायला मिळाली. पहिला खर्रा सुटला. मग जेवणानंतरचा धरला, तो जास्त कठीण निघाला. संध्याकाळचा सर्वांत चिवट.

काड्यांचंही तसंच. सकाळी दुकानाचं शटर अर्धं वर करायचं आणि आत बसून दातांत काड्या धरायच्या. गाल फाटतील असं वाटायचं. लाळ गळायची. आरशात मी दातांत लाकूड धरलेला बैल दिसायचो. तेव्हा मला लेकीच्या सूर्याचा अर्थ थोडा कळला, पण माझ्या पद्धतीने. सगळं छान होणार आहे असा विचार मला कधी जमला नाही, आजही जमत नाही. एवढंच म्हणायचो की अजून उघडतं आहे. जेवढं उघडतं तेवढं माझं आहे, आणि त्यातलं कोणाला देणार नाही.

एकदा घसरलो. एका शेतकऱ्याने माझ्याकडून मोटार नेली आणि ती लगेच परत जळली. तो दुकानासमोर उभा राहून वाट्टेल ते बोलला, आणि तो मोटार टाकून गेल्यावर मी भिंतीवरून हात पुढे केला. दोस्ताने चिमूट ठेवली. ती तोंडात गेल्यावर मला वाटलं, झालं, पुन्हा पारावर जावं लागणार. मग मी उठलो, थुंकलो, चूळ भरली आणि त्या शेतकऱ्याची मोटार उघडायला घेतली. एक खाच बिघडली म्हणून कोणी अख्खी मोटार भंगारात देत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी काड्या होत्याच.

एक काडी वाढली. बऱ्याच महिन्यांनी आणखी एक. मग वाढायची थांबली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, यापुढे फारसं उघडेल असं वाटत नाही, पण मिटणं थांबलं आहे, हे टिकवा. भुट्टा अजूनही सोलूनच खातो. भाकर मात्र तोडून, भाजीला लावून, माणसासारखी खातो. तिसरं बोट जात नाही याचं वाईट वाटतं, अगदी वाटतं. तरी मी काड्या सोडल्या नाहीत, कारण आता त्या वाढवायला नसून राखायला आहेत.

दोस्त या सगळ्यात शेजारीच होता, आणि मी त्याच्याकडे नीट पाहिलंच नाही. या उन्हाळ्यात तो चहा बशीतून प्यायला लागला. मग हसताना तोंडासमोर हात धरायला लागला. जवसावरून चिडवणं बंद झालं. एका दुपारी गिऱ्हाईक नसताना तो माझ्या स्टुलावर येऊन बसला. मी नेहमीसारखी पन्नी पुढे केली. त्याने घेतली नाही.

"जवस चावत नाही आता," तो म्हणाला.

मी म्हटलं, तोंड उघड. त्याने आढेवेढे घेतले, मग स्वतःच बोट घातलं. एक गेलं. दुसरं गेलं नाही.

"काहून सांगतलं नाही बे?"

"काय सांगू? तू सोडला तवा तुया हिश्श्याचाबी मीच खाल्ला." आणि तो हसला, हात न धरता, जेवढं हसता येत होतं तेवढं.

मला रडू आलं आणि रागही आला, आणि त्यातला राग आधी बाहेर पडला. मी त्याला शिव्या दिल्या. मी माझ्या तोंडापुरतं कुंपण घातलं होतं आणि भिंतीपलीकडे काय चाललं आहे ते पाहिलं नव्हतं. तो म्हणाला, आता काय उपेग, सुटनार हाय का मायानं? मी म्हटलं, ते मला माहीत नाही. उद्या सकाळच्या गाडीने यवतमाळला चलायचं, एवढं माहीत आहे.

सकाळी तो स्टँडवर माझ्या आधी येऊन उभा होता. गाडीत खिडकीशी बसला. बसल्याबरोबर त्याचा हात खिशात गेला, पन्नी निघाली, रबर सुटलं, आणि सवयीने ती माझ्यापुढे आली. मी फक्त त्याच्या तोंडाकडे पाहिलं. त्याने हात मागे घेतला आणि पन्नी मुठीत धरली.

"नाही होत, गड्या," तो म्हणाला. "यवतमाळ लय दूर हाय."

"यवतमाळ कोन म्हणते? दारव्ह्यापर्यंत थांब."

"आन् दारव्हा आल्यावर?"

"मंग सांगतो."

कंडक्टरने घंटी दिली. गाडी स्टँडबाहेर पडली, आणि त्याने मूठ उघडली नाही.