नवरा पॉप वाजवायला लागला तेव्हा

माझा नवरा गिटार वाजवतो. निवृत्त होईपर्यंत दिवसा तो एका कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात बसायचा, पण पुण्यात त्याला ओळखणारी जी काही माणसं आहेत ती गिटारमुळे. 'लॅटिन रॉकवाला' म्हणतात त्याला. मागे कोंगा आणि बोंगो या हातानं वाजवायच्या ढोलांचा ठेका, आणि त्यावर इलेक्ट्रिक गिटारचा एक लांबच लांब सूर. तार बोटानं ओढून तो सूर चढवायचा, थरथरवायचा, आणि ऐकणाऱ्यांनी श्वास धरून बसायचं. लग्नाआधी कॉलेजच्या गॅदरिंगला मीही अशीच श्वास धरून बसले होते. त्यातूनच पुढे लग्न झालं.

मला स्वतःला मात्र वेगळंच संगीत आवडायचं. ऐंशीच्या दशकातली इंग्रजी पॉप गाणी, भावाच्या टेपरेकॉर्डरवर ऐकलेली. कीबोर्डचे चकचकीत सूर, यंत्राचा ठोका, दोनदा ऐकलं की तोंडात बसणारं धृपद. निम्मे शब्द कळायचे नाहीत, ते मी माझे घालायची. पोळ्या लाटताना, कपडे वाळत घालताना, शाळेतून आल्यावर पेपर तपासताना माझं गुणगुणणं चालू असायचं. लग्न नवं होतं तेव्हा एकदा मी त्याला म्हटलं, "यातलं एखादं वाजवा ना."

तो हसला. "हे च्युइंगगम आहे गं. गोडी गेली की थुंकायचं."

नंतरही मी विचारलं. एकदा माझ्या वाढदिवसाला, एकदा मुलगी पोटात असताना, एकदा कोथरूडच्या या फ्लॅटमध्ये राहायला आलो त्या संध्याकाळी, खोक्यांवर बसून. दर वेळी तेच हसणं. मग मी विचारायचं सोडलं.

मागच्या वर्षी त्याच्या बँडमधला कोंगावाला कायमचा कॅनडाला गेला, मुलाकडे. बाकीचे दोघे आधीच हळूहळू गळले होते. माझा नवरा मागच्या खोलीत मांडीवर गिटार घेऊन नुसता बसायला लागला. अँप्लिफायर बंद. मला वाईट वाटायचं.

अशात त्याला हडपसरहून एका मुलीचा फोन आला. मुलगी म्हणजे पस्तिशीची बाई, मूळची अमरावतीची, आयटीत नोकरी करणारी. कीबोर्ड वाजवते आणि गाते. ऐंशीच्या दशकातली पॉप गाणी वाजवणारा बँड तिला काढायचा होता आणि कुणीतरी माझ्या नवऱ्याचा नंबर दिला होता. तो फोनवर बोलत होता आणि मी ओट्याशी उभी राहून त्या च्युइंगगमची वाट बघत होते. आता म्हणेल, मग म्हणेल.

तो म्हणाला, "रविवारी येतो."

तीन-चार दिवसांनी मी मेथी निवडत बसले होते आणि मागच्या खोलीतून माझं गाणं ऐकू आलं. माझं म्हणजे, जे मी सगळ्यांत जास्त गुणगुणलेलं. आधी वाटलं रेडिओ असेल. मग सूर अडखळला, थांबला, पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला. मी मेथीची जुडी हातात घेऊनच दारात गेले.

"हे काय?"

"पॉप."

"ते कळतंय मला."

"कोंगावाला गेला. आता लॅटिन कशाच्या जिवावर वाजवणार? म्हटलं काहीतरी नवीन करावं."

"नवीन?" मी म्हटलं. पुढं बोलणार तेवढ्यात त्याचा फोन वाजला. तिचाच होता. तो बाल्कनीत गेला आणि दार लोटून घेतलं, कुकरचा आवाज फोनवर येतो म्हणून की माझा, कोण जाणे.

माझ्या बहिणीनं ऐकल्यावर लगेच आवाज खाली आणला. "लक्ष ठेव गं बाई." मी तिला म्हटलं, तसलं काही नाही, हा माणूस चष्मा डोक्यावर ठेवून घरभर शोधतो. आणि खरंच तसलं काही नव्हतं. असतं तर भांडायला तरी सोपं गेलं असतं, सगळ्या नातेवाइकांनी माझी बाजू घेतली असती. पण मी कुणाला जाऊन काय सांगणार होते? की माझा नवरा दुसऱ्या बाईसाठी गाणी वाजवतो, जी मी मागितली होती आणि मला दिली नाहीत? वयाच्या साठीला? लोक हसले असते. मीही हसले असते, दुसऱ्या कुणाचं असतं तर.

पण जळत होतं. अगदी छातीत, आम्लपित्तासारखं. रविवारी सकाळी तो निघायचा तेव्हा मी पोहे करायचं बंद केलं. "फ्रिजमध्ये ब्रेड आहे," एवढंच सांगायची. त्यानं गिटारचा आवाज पाण्यातून आल्यासारखा करणारं एक पेडल आणलं, तर मी त्या पेडलवरही रागावले. लोणच्याची बरणी उघडत नव्हती म्हणून त्यानं ती माझ्यापुढं सरकवली, तेव्हा मी म्हटलं, "एवढंही होत नाही? की सगळी ताकद हडपसरला ठेवून आलात?" तो लोणच्याशिवाय जेवला.

शेवटी एका रविवारी मी पर्स खांद्याला लावून दारात उभी राहिले. "मीही येते."

"कंटाळशील."

"जन्मभर शाळेच्या गॅदरिंगच्या तालमी बघितल्यात मी. कंटाळायची सवय आहे."

बाराव्या मजल्यावर तिचा फ्लॅट होता. दार तिनंच उघडलं. सुती पायजमा, केस वर क्लिपमध्ये अडकवलेले, डोळ्यांखाली काळं. मागे स्टँडवर कपडे वाळत होते. मी कुणीतरी देखणी बाई बघायच्या तयारीनं गेले होते, आणि देखणी असती तर बरं झालं असतं. देखण्या बाईवर जळण्यात एक रीत आहे.

"या नं काकू! काका कधीचे सांगून राहिले, घेऊन येतो, घेऊन येतो."

हे मला त्यानं कधीच सांगितलं नव्हतं. मी सोफ्याच्या कडेला बसले. ड्रम्सऐवजी रबरी पॅड बडवणारा एक आणि बेस गिटारवाला एक, दोघे तिच्याच ऑफिसातले. गाणं सुरू झालं. ती चांगली गात होती. मनातल्या मनात मी खोट काढायला बसले होते, पण मिळेना. माझा नवरा लांब सूर वाजवतच नव्हता. छोटे छोटे, दाबलेले, नेटके ठोके. आणि पायानं ताल धरला होता त्यानं. घरी कधी धरत नाही.

मध्येच तिनं हात वर केला. "काका, परत तेच. ती लाइन तिथं खाली येते, तुम्ही वर जाता." मग माझ्याकडे वळून हसली. "काकू, काका म्हणतात ओरिजिनल त्यांनी कधी ऐकलंच नव्हतं, घरीच ऐकून ऐकून पाठ झालं. घरी कोण वाजवायचं?"

"कुणी नाही," मी म्हटलं.

नवरा खाली मान घालून तार जुळवत होता. मला कळलं. त्या जागी वर मी जाते. भावाच्या कॅसेटची फीत बरोबर तिथंच टेपरेकॉर्डरनं चावली होती, म्हणून ती ओळ मी माझ्या मनानं जोडली होती. इतकी वर्षं त्यानं ती ऐकली होती, चुकीसकट. एक क्षण मला इतकं बरं वाटलं की काय सांगू. पण लगेच ते सगळे पुन्हा पहिल्यापासून वाजवायला लागले, आणि या वेळी तो त्या जागी खाली आला. बरोबर वाजवलं. आणि खरं सांगायचं तर तसंच छान वाटत होतं. त्या गाण्यात माझं म्हणून जे एवढंसं होतं, तेही तिनं पाच मिनिटांत दुरुस्त करून टाकलं.

मग चहा झाला. तिनं कप आणले आणि त्यांच्यासोबत एका पसरट भांड्यात कोमट पाणी. ते तिनं माझ्या नवऱ्यापुढं ठेवलं. त्यानं डावा हात त्यात बुडवला, जणू रोजचंच आहे.

"आज कसंय बोट?"

"बरंय."

"काकू, घरी शेकता नं रोज? माझ्या बाबांना पण हेच आहे. थंडीत तर लय त्रास. म्हणून मी सगळ्या गाण्यांची पट्टीच बदलून टाकली, ते बोट लागतच नाही काकांना. आणि तार ओढायची तर मी त्यांना चक्क बंदी केली."

मी त्याच्या हाताकडे बघितलं. डाव्या अनामिकेचा मधला सांधा सुजून सुपारीएवढा झाला होता. हा हात रोज जेवताना माझ्यासमोर ताटाशेजारी असतो.

"शेकते की," मी म्हटलं.

परत येताना तो गाडी चालवत होता, गिटार मागच्या सीटवर. पूल ओलांडल्यावर मी विचारलं.

"कधीपासून?"

"झाली दोन वर्षं."

"म्हणजे कोंगावाला असल्यापासून."

"हो."

"म्हणजे तो गेला म्हणून पॉप नाही."

"नाही. तार ओढली की डोळ्यापुढं अंधारी येते. लॅटिन त्याशिवाय कसं वाजवणार?"

"आणि हे तिला सांगितलंत."

"तिनं विचारलं."

बस, एवढंच. तिनं विचारलं. पहिल्याच तालमीत त्याचा चेहरा आखडलेला तिला दिसला आणि तिनं विचारलं. मी लोणच्याची बरणी घेऊन समोर उभी होते आणि मला दिसलं नव्हतं. मला तिचा इतका राग आला की रडू यायला लागलं.

"तुला सांगितलं असतं," तो सिग्नलला थांबल्यावर म्हणाला, "तर तू दुसऱ्या दिवशी मला डॉक्टरकडे नेलं असतंस. आणि डॉक्टर म्हणाला असता, गिटार बंद."

"मग?"

"मग काय. भीती वाटली."

दुसऱ्या दिवशी मी त्याला डॉक्टरकडे नेलंच. डॉक्टरांनी गिटार बंद करायला सांगितलं नाही. बोटांचे व्यायाम दिले, गोळ्या दिल्या, ताण देऊ नका म्हणाले. बाहेर आल्यावर मी त्याच्याकडे नुसतं बघितलं. रिक्षात बसल्यावर तो स्वतःशीच हसला.

त्या दिवसापासून मी घरी शेक द्यायला लागले. पहिल्या दिवशी पाणी जरा जास्त गरम झालं, त्यानं हात झटकन बाहेर काढला. "तिचं कोमट असतं," तो म्हणाला, आणि जीभ चावली.

"मग जा हडपसरला."

तो हसला. मी नाही हसले.

त्यांचा पहिला कार्यक्रम कोथरूडलाच झाला, एका सोसायटीच्या हॉलमध्ये, संध्याकाळी. आमच्या वयाची पुष्कळ माणसं आली होती. दुसऱ्या गाण्यापर्यंत सगळे गायला लागले, चौथ्याला नाचायला. मी शेवटच्या रांगेत बसले होते. तेवढ्यात त्याचा एक जुना चाहता, टक्कल पडलेला गृहस्थ, ओरडला, "ते जुनं होऊ दे! लांबवालं!" आणखी चार जणांनी टाळ्या वाजवून री ओढली.

स्टेजवर तो गिटारचा पट्टा उगाच नीट करत होता. तिनं त्याच्याकडे बघितलं आणि 'नको' अशी मान हलवली, इतकी बारीक की माझ्याखेरीज कुणाला दिसली नसेल. मग तिनं कीबोर्डवर त्याचा तो लांब सूर धरला. गिटारचा सूर, कीबोर्डच्या आवाजात. तो खाली नुसते कॉर्ड्‌स वाजवत राहिला. लोकांना वाटलं नवीन काहीतरी केलंय. टाळ्या थांबेनात. टक्कलवाले गृहस्थ उभे राहिले होते. सूर कुणी सांभाळला आणि का, हे त्या हॉलमध्ये बँडला आणि मला, पाच जणांनाच ठाऊक होतं. त्या पाचांत मी होते, पण मला सगळ्यांत शेवटी कळलं होतं.

कार्यक्रम झाल्यावर ती माझ्याकडे आली. घामानं केस कपाळाला चिकटले होते. "काकू, आवडलं?"

तिला दोन शब्द लावून बोलावेत असं मला फार वाटत होतं. पण तिनं त्याला सगळ्यांसमोर पडू दिलं नव्हतं. "छान गातेस," मी म्हटलं. "पाणी पी आधी."

घरी आल्यावर मी नवऱ्याला एवढंच सांगितलं, "पुढच्या वेळी काही दुखलं तर आधी मला सांगायचं. तिनं विचारलं तरी आधी मला."

"बरं," तो म्हणाला.

अजूनही मी कधीतरी हडपसरला जाते. अजूनही जळते, कमी, पण जळते. तिनं त्याला एखादी नवी जागा दाखवली आणि तो मान हलवून "वा" म्हणाला, की ते 'वा' मला टोचतं. ती मुलगी वाईट असती तर माझं बरंच सोपं झालं असतं.

परवा सकाळी चहा व्हायच्या आत तो स्वयंपाकघरात आला आणि दाराला टेकून उभा राहिला. म्हणाला, उजवा गुडघा धरतोय. जिना उतरताना जास्त, चढताना कमी. बसून उठलं की कट्ट असा आवाज येतो.

"अजून कुणाला सांगितलंत?"

"कुणालाच नाही."

मी गॅस बारीक केला आणि स्टूल पुढं ओढलं. "बसा," मी म्हटलं. "आता पहिल्यापासून सगळं सांगा."