डाव्या हाताचा साबण

आमच्या व्याह्यांनी आयुष्यात एकही साबण विश्वासावर घेतलेला नाही. माणसांवर ते चटकन विश्वास ठेवतात, हवामानाच्या अंदाजावरसुद्धा ठेवतात, पण साबणावर नाही. नोकरी पाटबंधारे खात्यात झाली. माजलगावच्या कालव्यांवर उन्हावाऱ्यात मोटारसायकल हाणण्यात उभी हयात गेली आणि निवृत्त होताना शाल-श्रीफळासोबत ते बाभळीच्या सालीसारखी कोरडी कातडी घेऊन घरी आले. निवृत्तीनंतर कुणी भजनाला लागतं, कुणी ग्रामपंचायतीच्या राजकारणाला लागतं. व्याही साबणाला लागले.

आमच्या लेकीला बघायला ते पहिल्यांदा बीडला आले, तेव्हा आम्हाला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. जय भीम झाला, पाणी झालं, पोहे झाले. हात धुवायला आत गेलेले व्याही बाहेर आले ते बेसिनवरची साबणाची वडी तळहातावर घेऊन. लेक बशा उचलत होती, ती जागीच थबकली. "हा साबण घरात कोण वापरतं?" त्यांनी विचारलं. "सगळेच," माझे मिस्टर म्हणाले. "कावून?" आता साबण का वापरतात, याचं उत्तर काय देणार? मिस्टर बिचारे म्हणाले, "स्वच्छतेसाठी." त्यावर व्याह्यांनी त्यांचा हात पुढं ओढला आणि मनगटाच्या वर नखानं हलकी रेघ ओढली. पांढरीफटक रेघ उमटली. "बघा पाव्हणे, पाटीवर लिवावं तसं लिवता येतंय. ह्यो साबण भांड्याला चांगला हाय." मंडळी गेल्यावर मिस्टर ती रेघ चोळत बसले होते. "सोयरीक मोडली," एवढंच ते म्हणाले. दुसऱ्या दिवशी निरोप आला की मुलगी पसंत आहे, तारीख काढा, आणि पाव्हण्यांना म्हणावं, आंघोळ झाल्यावर अंग ओलं असतानाच तिळाचं तेल लावत जा.

लग्न झालं आणि व्याह्यांचं साबणशास्त्र हळूहळू आमच्याही अंगवळणी पडलं. दुकानातल्या साबणाकडे ते बघतही नाहीत. हातानं केलेलाच साबण लागतो, आणि तोही सहजासहजी पसंत पडत नाही. फार फेस करणारा साबण त्यांच्या लेखी बोलघेवड्या माणसासारखा. "खोबरेल लई घातलं की फेस लई येतो, पण अंगावरचं असलेलं तेलबी तो घेऊन जातो." वास तर त्यांना अजिबात चालत नाही. "साबण नाकाला लावायचा असतो का?" तीळ, करडई, एरंडेल असं मऊ तेल जास्त, खोबरेल बेताचं, आणि वडी निदान महिनाभर मोकळ्या हवेत वाळलेली, अशी सगळी कुंडली जुळली तरच वडी घरात येणार. आणि आली तरी लगेच अंगाला लागणार नाही. आधी काही दिवस ती फक्त डाव्या हाताला. उजव्या हाताला जुना साबण. मग दोन्ही हात उन्हात धरून, नखानं रेघा ओढून निकाल. विहीणबाई सांगतात, कधीकधी हे चहा पिता पिता मध्येच कप खाली ठेवून दोन्ही हातांकडे असे बघत बसतात, जणू दोन पोरांमधला शहाणा कोणता ते ठरवायचं आहे.

एकदा बीडला बचत गटांचं प्रदर्शन भरलं होतं. व्याही आलेलेच होते, म्हणून मी त्यांना घेऊन गेले. पापड, लोणची, मसाले यांच्या मधोमध एका ताईंनी शेळीच्या दुधाचे साबण मांडले होते. पांढऱ्या, चौकोनी, सुबक वड्या. व्याह्यांनी एक उचलली, दाबली, कानाशी नेऊन नखानं वाजवली आणि मला काही कळायच्या आत तिला जीभ लावली. "अहो बाबा, बर्फी न्हाई ती!" ताई किंचाळल्या. शेजारच्या लोणच्यापुढची सगळी गर्दी आमच्याकडे वळली. व्याही शांतपणे जीभ टाळूला लावून उभे. मग म्हणाले, "चावत न्हाई. म्हंजी तेलात सोडा पुरता मुरलाय. चांगला केलाय तुमी. पण गुलाबाचा वास कावून घातला?" ताईंनी पदरानं ती वडी खसाखसा पुसली आणि म्हणाल्या, "बिनवासाचा साबण खपत न्हाई, बाबा. आता ही चाटलेली कोण घेणार?" ती अर्थात आम्हीच घेतली. मी त्या प्रदर्शनात पुढं दोन वर्षं पाऊल टाकलं नाही.

या माणसाचा विक्षिप्तपणा कुणाच्या कामाला येईल, असं आम्हाला कधी वाटलं नव्हतं. आमची लेक नर्स आहे. माजलगावातल्या एका दवाखान्यात ती लागली आणि दिवसभर हात धुऊन धुऊन त्या हिवाळ्यात तिचे हात फुटले. बोटांच्या पेरांवर भेगा पडल्या, भेगांतून रक्त यायला लागलं. ती कुणालाच काही बोलली नाही. मला फोनवर सगळं छान आहे म्हणायची. तिच्या नवऱ्यालाही तिनं थंडीनं होतंय असं सांगून टाळलं होतं. एका दुपारी ती पिठलं चमच्यानं खात होती. व्याह्यांनी ते बघितलं. भाकरी आणि पिठलं चमच्यानं खाणारं माणूस त्यांच्या घरात नव्हतं. ते ताटावरून उठले, तिच्यासमोर बसले आणि म्हणाले, "हात दाव, बाई." तिनं हात पदराखाली घेतले. "मामा, जरा तिखट झोंबतं, बाकी काही नाही." "दाव म्हणलं ना." तिनं हात पुढं केले आणि तिला रडूच फुटलं. म्हणाली, "मी नोकरी सोडणार आहे, मामा. रुग्णाला हात लावायचा तर मला माझीच लाज वाटते."

व्याह्यांनी हातावर रेघ ओढली नाही. नख ओढायला जागाच नव्हती. दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीनं ते तिला बीडला चामडीच्या डॉक्टरांकडे घेऊन आले. डॉक्टरांनी मलम दिलं, हातमोजे दिले आणि जाता जाता म्हणाले, "साबण जरा सौम्य वापरा." एवढं वाक्य पुरलं. दवाखान्यातून व्याही थेट त्या बचत गटाच्या ताईंच्या गावी गेले. ताईंनी त्यांना लांबूनच ओळखलं आणि वड्यांची परात मागे सरकवली. "चाटायचं न्हाई, बाबा." "न्हाई चाटत. सुनंसाठी साबण पायजे. बिनवासाचा. खोबरेल कमी, तीळ जास्त. कराल का?" ताईंनी कारण विचारलं. त्यांनी सुनेचे हात कसे झालेत ते सांगितलं. ताई म्हणाल्या, "करते. पण वाळायला वेळ लागंल." तो महिना व्याह्यांनी कसा काढला, ते विहीणबाईंनाच माहीत. आठवड्यातून एकदा ते त्या गावी जायचे, वड्या उलट्यासुलट्या करून बघायचे आणि परत यायचे. शेवटी ताईंनी त्यांना वाळवणाच्या खोलीत यायलाच बंदी केली. साबण आला, तोही आधी त्यांच्या डाव्या हाताला लागला आणि मगच सुनेच्या हातात पडला. दवाखान्यात तिच्यासाठी वेगळी डबी गेली. हिवाळा सरता सरता भेगा मिटल्या. डॉक्टर म्हणाले मलमानं गुण आला, व्याही म्हणाले साबणानं. लेक दोघांनाही हो म्हणाली. नोकरी राहिली.

नोकरी राहिली म्हणून अनुभव झाला, आणि अनुभव झाला म्हणून गेल्या वर्षी तिला पुण्याच्या मोठ्या हॉस्पिटलात जागा मिळाली. जावयांनीही तिकडंच काम बघितलं. निघायच्या दिवशी आम्ही माजलगावच्या स्टँडवर होतो. विहीणबाई रडत होत्या, मीही रडत होते. व्याही गाडीच्या खिडकीखाली उभे राहून एकच गोष्ट सांगत होते, "पोचल्यावर तिथलं पाणी कसं हाय ते कळव."

चार दिवसांनी फोन आला तेव्हा आम्ही त्यांच्याकडेच जेवायला गेलो होतो. व्याह्यांनी फोन स्पीकरवर टाकला. लेक आनंदात होती. म्हणाली, "मामा, इथलं पाणी एकदम गोडं आहे. आपल्या बोअरसारखं जड नाही. हातांना काहीच होत नाही, इथं कुठलाही साबण चालतोय."

व्याह्यांनी फोन जवळ ओढला.

"कुठलाबी?" मग त्यांनी विचारलं.

"कुठलाही, मामा."

"बरं झालं," ते म्हणाले. "लई बरं झालं. जेवलीस का?"

फोन ठेवल्यावर विहीणबाईंनी ताटं मांडली आणि हाक मारली. "आलोच," व्याही म्हणाले, आणि डाव्या हाताकडे बघत बराच वेळ तिथंच बसून राहिले.