उघड्या तळहातावरची गोळी

वहिनीचा फोन सकाळी आला. ‘हे गेले,’ एवढंच ती म्हणाली. वसई रोडहून मी नंदाखालला पोचले तेव्हा अंगणात माणसं जमली होती. आमच्या चुलतकाकांनी मला माडाच्या आडोशाला नेलं आणि हळू आवाजात विचारलं, ‘नक्की कशानं गेला गं? तिच्या हातचं खायचं नाही म्हणायचा तो.’ बोलताना त्यांची नजर ओटीवर बसलेल्या वहिनीकडे होती. ह्याचं उत्तर तिथे उभ्या उभ्या देता येण्यासारखं नव्हतं. आता दिवसकार्य आटोपून काही आठवडे झाले, म्हणून लिहिते आहे.

दादा, माझा थोरला भाऊ. केळीची आणि माडांची वाडी करायचा, गावच्या भजनात पखवाज वाजवायचा. माणूस मोकळा. वाडीचं फाटक आमच्या लहानपणापासून कधी लावलेलं नव्हतं. केळ्याचा लोंगर उतरवला की पहिली फणी शेजारी जायची. रक्तदाब वाढलाय असं मधेच कधीतरी कळलं होतं, पण डोकं दुखत नाही, चक्कर येत नाही, मग गोळी कशाला, असं म्हणत त्याने ते वर्षानुवर्षं मनावर घेतलं नाही. पहिला बदल भजनात दिसला. चाल बदलली की त्याला सावरायला उशीर व्हायचा. त्याला मात्र वाटायचं, बाकीचे मुद्दाम लय पळवतात, आपल्याला तिथून उठवायचा त्यांचा बेत आहे. मलाही तेव्हा ते खरं वाटलं, कारण गावात अशा गोष्टी होतात. एकदा तो पखवाज घेऊन घरी आला, तो परत गेलाच नाही. मग चालणं बदललं. पाय जमिनीला घासत तो लहान लहान पावलं टाकायला लागला, आणि ज्याने आयुष्यात थेंब घेतला नाही त्याच्याबद्दल लोक म्हणू लागले, पितो. ती कुजबुज त्याच्या कानावर गेली आणि त्याचा संशय आणखी घट्ट झाला. फाटकाला कुलूप आलं. उमेळ्याला वाड्या जाऊन इमारती उठल्या, तशी आपलीही वाडी कुणीतरी गिळणार आणि घरातलंच माणूस त्यात सामील आहे, असं त्याच्या मनाने घेतलं. घरातलं माणूस म्हणजे वहिनी... जन्मभर त्याच्या बरोबरीने केळीला पाणी लावलेली बाई. चहाचा पहिला घोट तो तिला घ्यायला लावायचा. येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा, ही मला काहीतरी घालते. ऐकणारे ते घेऊन पुढच्या घरी जायचे.

शेवटी मी आणि त्याचा मुलगा नितीन, जो विरारला राहतो, असे दोघे मिळून त्याला डॉक्टरकडे घेऊन गेलो. मेंदूचा एमआरआय काढला. डॉक्टरीणबाईंनी पडद्यावरचे पांढरे डाग दाखवले. मेंदूत खोल जाणाऱ्या अगदी बारीक रक्तवाहिन्या रक्तदाबाने जाड आणि कडक होत जातात, म्हणाल्या. कळणारही नाहीत असे लहान झटके येऊन गेलेले असतात, आणि विचाराचा वेग, चाल, स्वभाव ह्या सगळ्यावर हळूहळू परिणाम होतो. संशयही त्यातलाच असू शकतो. वाडीत वाढलेल्या मला ते लगेच समजलं. पाट भरून वाहताना दिसतो, पण टोकाच्या आळ्यांना पाणी पोचत नाही. गेलेलं परत येणार नाही, पण रक्तदाब आटोक्यात राहिला तर पुढचं नुकसान लांबवता येईल, असं त्यांनी सांगितलं. बाहेर येताच दादा माझ्या कानाशी म्हणाला, तो फोटो दुसऱ्याच कुणाचा तरी आहे.

गोळी तर तो घेईचना. नितीनने आईला सुचवलं, कुटून वरणात घाल, त्यांना कळणारही नाही. वहिनी भाजी निवडत होती. तिने मान वर केली.

‘नाही. आज त्यांचा संशय खोटा आहे. लपवून दिली, तर तो खरा होईल.’

त्या दिवसापासून ती गोळी उघड्या तळहातावर ठेवून त्याच्यासमोर उभी राहायची. कधी तो घ्यायचा, कधी हात झटकून टाकायचा. मग ती दुसरी गोळी घेऊन थोड्या वेळाने परत यायची. मला तो तिचा हट्ट वाटायचा. तसं मी तिला बोलूनही दाखवलं. पण पुढे एकदा मी तिथेच ओटीवर बसले असताना दादा तिच्या तळहाताकडे खूप वेळ बघत राहिला. त्याला शब्द उशिरा सापडायचे.

‘मला तुझा संशय येतो,’ तो म्हणाला. ‘येतो तेव्हा अगदी खरा वाटतो...’ आणि बऱ्याच वेळाने, ‘तरी तू देत जा.’

वहिनीने नुसता पाण्याचा पेला पुढे केला.

संशय गेला नाही. चारच दिवसांनी त्याने तिच्यावर पुन्हा तोच आरोप केला. पण गोळी तो बहुतेक दिवस घेत राहिला, आणि त्या जोरावर काही वर्षं मिळाली. नंतर तोल जाऊन पडणं वाढलं, बोलणं तुटक झालं, घास गिळताना ठसका लागायचा. एकदा ठसक्यात घास छातीत उतरला, न्यूमोनिया झाला आणि त्यातच तो गेला. काकांना हे सगळं मी समजावून सांगितलं आहे. त्यांनी ऐकून घेतलं. पटलं की नाही, कोण जाणे.

परवा नंदाखालला गेले होते. स्वयंपाकघराच्या चौकटीला आता दार नाही. वहिनी पातेल्यात काय घालते ते ओटीवरच्या खुर्चीतून आपल्याला दिसलं पाहिजे म्हणून दादाने शेवटच्या वर्षात सुतार बोलावून ते काढून घेतलं होतं. मांजरं आत शिरतात, तेव्हा आता परत बसवून घेऊ, असं नितीन म्हणत होता. वहिनी म्हणाली, राहू दे. आमटीला उकळी आली होती. तिने चमच्यात मीठ घेतलं, रिकाम्या खुर्चीकडे वळून क्षणभर ते दिसेल असं धरलं, आणि मग पातेल्यात सोडलं.