अण्णांचा घास आणि निळा पासपोर्ट

मी अमेरिकेचा नागरिक झालो हे आमच्या घरात माझ्या तोंडून सर्वात आधी एका कावळ्याने वदवून घेतलं.

बारा वर्षं अमेरिकेत काढल्यावर कंपनीने मला बहारीनला पाठवलं, तेव्हा नवा पासपोर्ट खिशात होता. घरी बोललो नाही. अण्णा, म्हणजे माझे वडील, म्हणायचे, "पासपोर्ट बदलणं म्हणजे गोत्र बदलणं." सुदैवाने अमेरिकेचा पासपोर्टही आपल्यासारखाच निळा, लांबून पत्ता लागत नाही. पॅरिसच्या दादाचं नशीबच फुटकं. फ्रान्सचा तांबडा! अण्णांनी त्याच्याशी सहा महिने अबोला धरला. (तेव्हा "दादाने असं करायला नको होतं" म्हणण्यात मी आघाडीवर होतो.) मी अण्णांना कितीदा बहारीनला बोलावलं, पण ते गुडघे दुखतात म्हणून कधीच आले नाहीत; आई एकटीच येऊन जायची.

गेल्या वर्षी अण्णा गेले आणि आई माझ्याकडे राहायला आली. त्यांच्या पहिल्या पितृपक्षासाठी दादाही बहारीनच्या गुदैबिया भागातल्या माझ्या फ्लॅटवर आला.

भर दुपारी आईने बाल्कनीत पान ठेवलं. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. अचानक एसीची घरघर थांबली आणि बाहेर त्याच्या डब्यावर एक कावळा येऊन बसला. पानाकडे ढुंकून न पाहता तो काचेतून आत बघू लागला, मान डावीकडे कलती करून. प्रगतिपुस्तक वाचताना अण्णा अगदी अशीच मान करायचे.

"सुधीर, तुझ्यावरच राग आहे त्यांचा," आई दादाला म्हणाली.

दादाने हात जोडले. "अण्णा, अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात फ्रान्सनेच मदत केली. तो मशालवाला पुतळाही फ्रान्सनेच दिला. वाईट देश नाही हो."

कावळा ढिम्म. (अमेरिकेचं नाव निघताच मात्र त्याने माझ्याकडे पाहिलं.)

मग दादा फ्रेंचमध्ये विनवू लागला, "मांजे, मस्यू, मांजे." जेवा, साहेब, जेवा. तिथेही अहोजाहोच.

मी स्वयंपाकघरात सटकलो. कावळा तिथल्या खिडकीवर आला. बेडरूममध्ये गेलो, तर पंख फडफडले आणि तो तिथेही हजर. त्याची नजर कपाटावर होती. त्यात चादरींच्या खाली माझा पासपोर्ट होता.

"दर्भाचा कावळा करू, खलास," बाहेर दादा म्हणत होता.

"नको रे. ते उपाशी जातील," आई म्हणाली, आणि तिचा आवाज रडवेला झाला.

तो आवाज मला सोसवला नाही. मी पासपोर्ट आणून पानाशेजारी ठेवला. "अण्णा, मीही अमेरिकन झालोय. दादाला एकट्याला बोलणी खाऊ दिली. चुकलं माझं."

कावळा उडून पानापाशी आला आणि शांतपणे खिरीला शिवला.

आईने डोळे पुसले. "मी पहिल्यांदा इथे आले होते ना, तेव्हाच चादरी बदलताना सापडला होता. यांना सांगितलं. म्हणाले, 'तो स्वतः सांगेल तेव्हाच त्याच्या घरी जेवेन.'"

गुडघे कधी दुखतच नव्हते तर.

कावळा मात्र हलला नाही. वडा तसाच ठेवून त्याने माझ्याकडे पुन्हा मान कलती केली.

"अजून काय राहिलंय?" आईने हळूच विचारलं.

मग आठवीच्या प्रगतिपुस्तकावर अण्णांची सही कोणी केली होती, तेही सांगून टाकलं. कावळ्याने वडा उचलला आणि उडून गेला. अमेरिकेच्या नागरिकत्वाच्या मुलाखतीतही मला इतकं खोदून कोणी विचारलं नव्हतं.